पहिल्या भागात हिरोला लागतं, पाचव्यात लागत नाही

तिसरी रांग

शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर ‘डाय हार्ड’ परत लावला. कितव्यांदा ते मी मोजत नाही, बायको मोजते. आणि परत त्याच जागी अडकलो. हिरो बाथरूममध्ये बसून तळपायातल्या काचा काढतो ना, तिथे.

हा सिनेमा आमच्याकडे पहिल्यांदा आला तो कॅसेटवर. व्हीसीआर भाड्याचा, शेजारची दोन बिऱ्हाडं धरून चौदा-पंधरा माणसं एका खोलीत, आणि इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं. पहिला अर्धा तास चोर कोण आणि पोलीस कोण यावर वाद चालला होता. पण खलनायक काचेची तावदानं फोडायला सांगतो आणि ब्रूस विलिसला त्या काचांच्या खचावरून अनवाणी पळावं लागतं, तेव्हा शेजारच्या काकू ओरडल्या, "अरे मेल्या, पायात काहीतरी घाल आधी!" सगळे हसले. आणि त्यानंतर शेवटपर्यंत खोलीत कुणी बोललं नाही.

आता वाटतं, काकूंनी बरोब्बर नस पकडली होती. त्याच्या पायात बूट नाहीत हे पहिल्या पाच-दहा मिनिटांतच पेरलेलं आहे. विमानात शेजारचा प्रवासी सल्ला देतो, की प्रवासाचा शीण घालवायचा तर बूट-मोजे काढ आणि गालिच्यावर पायाची बोटं आवळ. आपला गडी तेच करत असताना दरोडेखोर येतात. पुढे तो कितीही गोळ्या झाडो, आपल्या डोक्यात त्याचे पाय असतात. इमारतीचंही तसंच. ती लॉस एंजेलिसमधली फॉक्स स्टुडिओचीच नवीकोरी बिल्डिंग, काही मजल्यांचं काम तेव्हा चालूच होतं. लिफ्टची पोकळी कुठे, गच्ची कुठे, अर्धवट मजला कुठला, हे आपल्याला स्वतःच्या चाळीच्या जिन्यासारखं पाठ होतं. १९८८ चा सिनेमा आहे, अजून एकही खिळा सैल झालेला नाही.

मग येतो २००७ चा चौथा भाग. तोच हिरो, जॉन मॅक्लेन, लढाऊ जेट विमानाच्या पाठीवर उडी टाकतो, तिथून घसरत खाली येतो आणि अंग झटकून चालू लागतो. इथे काकू गप्प बसल्या असत्या, काळजी करण्यासारखं उरलंच काय? २०१३ च्या पाचव्यात तो रशियात जातो, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. घरात शांतता हवी आहे.

तर माझा सिद्धांत शीर्षकात आहे. ‘फास्ट अँड फ्युरियस’ घ्या. २००१ मध्ये हे लोक ट्रक अडवून डीव्हीडी प्लेअर चोरायचे. डीव्हीडी प्लेअर! वीस वर्षांनी, नवव्या भागात, यांची गाडी अंतराळात जाते. मधला पाचवा (२०११) मला मनापासून आवडतो, कारण तिजोरी ओढत रस्त्यावरून नेतात तेव्हा ती खरंच काहीतरी फोडत चाललेली दिसते. एका तिजोरीच्या आत चक्क गाडी बसवलेली होती आणि आत बसून स्टंटमन ती चालवत होता. वजन दिसतं हो. पुढे मात्र वजनही गेलं आणि जखमाही गेल्या. २०१९ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी छापली होती, की या मालिकेतले बडे नट पडद्यावर आपण कितपत मार खायचा याची घासाघीस करतात, आणि विन डिझेलला किती ठोसे बसले यावर त्याची निर्माती बहीण लक्ष ठेवते. वाचून मी हसलो, पण मग कळलं की त्या मारामाऱ्या बरोबरीत का सुटतात. दोघांनाही हरायचं नाही!

कॉमिक्सवाल्यांचंही तेच. ‘स्पायडरमॅन २’ (२००४) मधली ट्रेन आठवा. पोरगा अंगाची ताणून ताणून वाट लावून गाडी थांबवतो, बेशुद्ध पडतो, आणि प्रवासी त्याला डोक्यावरून हातोहात आत घेतात. मास्क नाही, सगळ्यांना चेहरा दिसतोय, कुणीतरी म्हणतं अरे हा तर पोर आहे. किंवा ‘लोगन’ (२०१७). ज्या वुल्व्हरिनची जखम क्षणात भरून यायची त्याला आता वाचायला चष्मा लागतो, चालताना लंगडतो, आणि सिनेमाच्या शेवटी तो मरतो. मी थेटरात रडलो, लपवत नाही. २०२४ मध्ये ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ सुरू होतो तोच त्याची कबर उकरून. डेडपूल त्याच्या सांगाड्याची हाडं हत्यारं म्हणून वापरतो आणि थेटर हसतं. विनोद चांगलाय, मीही हसलो. पण मी २०१७ मध्ये ढाळलेले अश्रू कुणी परत करणार आहे का?

अपवाद आहेत. टॉम क्रूझने ‘मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट’च्या वेळी लंडनमध्ये एका गच्चीवरून दुसरीवर उडी मारताना घोटा मोडला, शूटिंग काही आठवडे बंद पडलं, आणि तोच शॉट सिनेमात ठेवलाय. उठून लंगडत पळतो ते खरं लंगडणं आहे. सहावा भाग आहे तो, म्हणजे माझा सिद्धांत इथे आपटतो, मान्य.

अजून एक. लागलं हे दिसायलाही पाहिजे. ‘टेकन ३’ मध्ये लियाम नीसन एका जाळीच्या कुंपणावरून उडी मारतो. सहा सेकंदांचं काम, त्यात चौदा-पंधरा कट! माणूस कुंपण ओलांडतोय की कुंपण माणसाला, काही पत्ता लागत नाही.

असो. खाली प्रतिसादांत बोला.

शिट्टी

पहिला नंबर! काकूंना साष्टांग नमस्कार. पाचव्या ‘डाय हार्ड’बद्दल न बोलल्याबद्दल आभार, मी तिकीट काढून पाहिला होता.

काळा चष्मा

जोरदार असहमत, आणि आज सुट्टी आहे त्यामुळे सविस्तर असहमत.

तिसरी रांग उर्फ तिरां, तुम्ही चुकीच्या मापाने मोजताय. आमच्या गावच्या जत्रेत दशावतार होतो. देव मरेल की काय म्हणून कुणी रात्रभर जागत नाही. संकासुर कसा येतो, राजा तलवार कशी फिरवतो, यंदा नवीन पेटीवाला कसा वाजवतो, हे बघायला लोक येतात. विन डिझेल देव आहे. देवाला लागत नसतं. गाडी अंतराळात गेली तेव्हा आमच्या थेटरात शिट्ट्या पडल्या, आणि ज्याने वाजवल्या त्यालाही माहीत होतं की हा मूर्खपणा आहे.

दुसरं म्हणजे मालिकेने जे मिळतं ते एकट्या सिनेमाने मिळत नाही. २०१९ चा ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ मी सकाळच्या पहिल्या खेळाला पाहिला. तीन तास एक मिनिट, मध्ये कुणी उठलं नाही. कॅप्टन अमेरिकेच्या हातात थॉरचा हातोडा येतो तेव्हा शेजारच्या अनोळखी काकांनी माझा खांदा इतका जोरात दाबला की संध्याकाळपर्यंत दुखत होता (बघा, लागलं!). तो क्षण एका सिनेमाचा नाही. अकरा वर्षं आणि आधीचे एकवीस सिनेमे त्याच्या पाठीशी आहेत. ‘डाय हार्ड’ने आणून दाखवावा असा क्षण.

आणि कटांबद्दल: ‘बोर्न अल्टिमेटम’ला संकलनाचं ऑस्कर मिळालंय. हलता कॅमेरा, कटावर कट. तरी मोरोक्कोतल्या तँजियरमधली गच्च्यांवरची पळापळ तुम्हाला आवडतेच ना? खरं सांगा.

तिसरी रांग

तँजियर आवडतं. त्यात बोर्न गच्चीवरून समोरच्या खिडकीत उडी मारतो तेव्हा त्याच्या मागोमाग कॅमेरावाल्यानेही उडी मारलीय, म्हणून आपणही पडतो. कट किती हा मुद्दाच नव्हता माझा, नीट लिहिलं नाही मी. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’मध्ये सत्तावीसशेच्या आसपास कट आहेत, तरी एकदाही गोंधळ होत नाही. दिग्दर्शक जॉर्ज मिलरने मुख्य गोष्ट कायम चौकटीच्या मधोमध ठेवायला लावली होती. शॉट बदलला तरी डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही, नजर आधीच तिथे असते. संकलक मार्गारेट सिक्सेलने चारशे ऐंशी तासांच्या फिल्ममधून तो सिनेमा काढलाय. बाई आधी ॲक्शनपटवाल्या नव्हेत, म्हणूनच मिलरने त्यांना दिला म्हणतात. (मिलरच्या पत्नी आहेत, तरीही!) त्या कामाचं ऑस्कर त्यांना मिळालं.

दशावतार मात्र चपखल. त्यावर उत्तर सुचेपर्यंत चहा घेतो.

‘एंडगेम’बद्दल: टोनी स्टार्क (आयर्न मॅन) चुटकी वाजवतो तेव्हा काय दाखवलंय? त्याचा एक हात आणि चेहऱ्याची एक बाजू भाजून निघते. खलनायकाची अख्खी फौज राख झाली वगैरे मला आठवत नाही, ती भाजलेली बाजू आठवते. म्हणजे माझंच म्हणणं. आणि २०२४ मध्ये मार्व्हलवाल्यांनी जाहीर काय केलं, तर टोनी झालेला तोच रॉबर्ट डाउनी ज्युनियर आता खलनायक डॉक्टर डूम म्हणून येणार. मेलेल्याला घरी पाठवायला ही मंडळी तयारच नाहीत.

ओट्यावरून

नेहमी वाचनमात्र असते, आज एक प्रश्न आहे. माझा भाचा बारा वर्षांचा. सुट्टीला आलाय. मोबाइलवर सिनेमांचे तुकडे बघतो, पंधरा सेकंदांचे, त्यातही पुढे सरकवतो. सगळ्या सुपरहिरोंची नावं, ताकदी, कोण कुणाला हरवेल हे तोंडपाठ, पण एकही सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नाही. मला त्याला एक अख्खा सिनेमा दाखवायचाय. रक्ताची अंघोळ नको. काय लावू?

शिट्टी

‘द रेड’! इंडोनेशियातला, २०११ चा, एक इमारत आणि मजल्यामागून मजले मारामारी.

नाक मुरडे

ताई, ह्याचं ऐकू नका, पोरगं पुन्हा सुट्टीला यायचं नाही.

बाकी धाग्यात ‘फ्रँचायझी’ला मराठी शब्द कुणीच वापरलेला नाही याची नोंद घ्यावी.

काळा चष्मा

‘शिळं पिठलं’ म्हणा.

ताई, स्पायडरमॅनचा ॲनिमेशनपट ‘स्पायडर-व्हर्स’ लावा. दुसरा भाग २०२३ मध्ये आपल्याकडे दहा भाषांत आला होता, त्यात मराठीही होती. मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून केलेलं ‘मुंबॅटन’ आहे, आणि आपला भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर ‘चाय टी’ म्हणणाऱ्याला झापतो तो प्रसंग एकट्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल.

तिसरी रांग

चांगला आहे, पण शेवट अर्धवट सोडलाय, ‘क्रमशः’ करून. ज्याला अख्खा सिनेमा दाखवायचाय त्याला नेमका हा नको.

जुनी रद्दी

पवित्र प्रभाकर मुळात २००४ च्या कॉमिकमधला, तिथे धोतर नेसून भिंती चढायचा. पीटर पार्करची आद्याक्षरं तीच ठेवलीत.

आता तुमच्या लागण्याबद्दल. तिरां, तुम्ही सगळे अमेरिकन सुपरहिरो घेऊन बसलात, माझ्या वयाच्या माणसाचा पहिला हिरो वेताळ (इंग्रजीतला फँटम). इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं, मराठीतूनही यायचं. माझ्याकडे अजून एक ट्रंक आहे, वाळवीने वरचे सात-आठ अंक खाल्लेत, खालचे शाबूत. वेताळाची खरी गंमत काय? जंगलातले लोक मानतात की हा चारशे वर्षं मेलेला नाही. १५३६ पासून तोच आहे. वाचणाऱ्याला मात्र ठाऊक असतं की हा एकविसावा आहे. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, तीच कवटीची अंगठी घालतो. कवटी-गुहेत आधीच्या वीस जणांच्या कबरी आहेत. म्हणजे अमरपणा ही अफवा आणि मरण ही खरी गोष्ट. ली फॉकने १९३६ मध्ये हे करून ठेवलं, तेव्हा सुपरमॅनही छापून आलेला नव्हता. गोळी लागली तर वेताळ मरणार, हे प्रत्येक पानावर असायचं. १९९६ मध्ये बिली झेनला घेऊन सिनेमा काढला तो पडला. जांभळा पोशाख झकास जमला होता, भीती कुठेच नव्हती.

आणि मारामारीचे सिनेमे अमेरिकेतूनच आले असं कुणाला वाटत असेल तर त्याने ‘हंटरवाली’ (१९३५) आठवावा. फिअरलेस नादिया आख्खा माणूस खांद्यावर उचलून फेकायची. पुढच्याच वर्षी ‘मिस फ्रंटियर मेल’, त्यात बाई धावत्या गाडीच्या टपावर मारामारी करते. ना दोर पुसायला कॉम्प्युटर, ना खाली हिरवा पडदा. आपले भगवानदादा ‘अलबेला’च्या आधी वर्षानुवर्षं स्वस्तातले स्टंटपटच काढत होते, गिरणगावातला प्रेक्षक त्यांच्यावर जीव टाकायचा. माझे वडील सांगायचे, पहिल्या रांगेतला माणूस पडद्यावरच्याला वेळेवर सावध करायचा, "भगवान, मागे बघ!"

शिट्टी

रद्दीकाका, ट्रंकेचा फोटो टाका.

जुनी रद्दी

टाकतो. सून म्हणते आधी कडुनिंबाचा पाला घाला.

पलीकडच्या किनाऱ्यावरून

उशिरा आलो, आमच्याकडे आत्ता सकाळ होतेय. कामासाठी लॉस एंजेलिसला गेलो होतो तेव्हा सेंच्युरी सिटीत जाऊन ‘डाय हार्ड’ची इमारत मुद्दाम बघून आलो. मी रस्त्यावर उभा राहून भारावलेला, बायको म्हणाली, "ऑफिसच आहे की रे." खरं आहे, ऑफिसच आहे.

या सगळ्यात एक माणूस कायम राहून जातो, तो म्हणजे ज्याला खरंच लागतं तो. चॅड स्टाहेल्स्की ‘मेट्रिक्स’मध्ये केआनू रीव्ह्जचा डबल होता. म्हणजे केआनूला लागण्याऐवजी याला लागायचं. पुढे त्यानेच ‘जॉन विक’ दिग्दर्शित केला, आणि म्हणून तिथे कॅमेरा लांब उभा असतो, कट कमी असतात, मारणारा आणि मार खाणारा दोघंही डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. ज्याने आयुष्यभर पडण्याचे पैसे घेतले तो पडणं लपवणार नाही. चौथ्या भागात जॉन विक पॅरिसच्या दोनशे बावीस पायऱ्या धडपडत चढतो आणि वर पोचता पोचता पार खालपर्यंत गडगडत येतो. आमच्या थेटरात एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने कण्हले.

ऑस्करवाल्यांनी २०२५ मध्ये जाहीर केलं की स्टंटसाठी स्वतंत्र पुरस्कार देणार, पण २०२७ मध्ये लागणाऱ्या सिनेमांपासून, म्हणजे शंभराव्या सोहळ्यात. वेशभूषेला पुरस्कार १९४९ पासून आहे. कपडे फाटले तर बक्षीस, हाड मोडलं तर दवाखान्याचं बिल.

काळा चष्मा

शेवटचं वाक्य चोरतोय.

स्टंटवरून आठवलं, आपल्याकडचा ‘किल’ (२०२४) कुणी पाहिला का? रेल्वेचा डबा, अरुंद बोळ, वरचे बर्थ, पडदे, संडासाचं दार. तिरांच्या सिद्धांताला इतका फिट बसतो की मला राग येतोय. पाऊण तास गेल्यावर सिनेमाचं नाव पडद्यावर येतं, तोवर हिरो नुसता मारतोय. नाव आल्यानंतर तो जीव घेतो, कारण तोवर त्याचं काहीतरी कायमचं गेलेलं असतं. आणि गंमत म्हणजे दरोडेखोरांचीही माणसं मरतात तेव्हा ते रडतात, भाऊ-काका-पुतणे आहेत ते सगळे. स्टाहेल्स्कीच्या कंपनीने त्याच्या इंग्रजी आवृत्तीचे हक्क घेतलेत.

नाक मुरडे

पाहिला. अग्निशामक नळकांड्याचा प्रसंग झाल्यावर दोन दिवस वरण-भातावर होतो. ओट्यावरून ताई, हा तर अजिबात नको.

तिसरी रांग

ताई, माझं ऐका. ‘पोलीस स्टोरी’, १९८५, जॅकी चॅन. शेवटची मारामारी हाँगकाँगच्या एका मॉलमध्ये आहे आणि तिथे इतक्या काचा फुटतात की स्टंटवाले सिनेमाला ‘ग्लास स्टोरी’ म्हणायचे. ‘डाय हार्ड’च्या तीन वर्षं आधी! मधली कोर्टकचेरी आणि मैत्रिणीची भांडणं जरा पकवतात, तिथे पोराला खायला द्या.

ओट्यावरून

उशीर झाला सांगायला, घरात पाहुणे होते.

लावला. सुरुवातीला झोपडपट्टीतून गाड्या उतारावरून घरं फोडत खाली येतात, तिथे त्याने मोबाइल उलटा ठेवला. मधे कंटाळला, दोनदा उठला, तिरांनी सांगितल्याप्रमाणे चिवडा दिला. मग मॉल. तो वरच्या मजल्यावरून दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबाला धरून थेट खाली येतो, दिवे फुटतायत, ठिणग्या उडतायत, खाली काचेचं छप्पर, ते फोडून जमिनीवर. आणि लगेच तेच परत, दुसरीकडून. मग तिसऱ्यांदा. भाचा म्हणाला, "मावशी, अडकलंय का गं?" म्हटलं नाही, त्यांनीच तीनदा दाखवलंय. थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे हा खरा पडला?"

शेवटी नावं येतात त्याबरोबर शूटिंगचे फसलेले तुकडे दाखवतात, कुणाला उचलून नेतायत, कुणाचं डोकं धरलंय. मी ओट्याशी गेले होते. हाक मारून बोलावलं आणि पडद्याला नाक लावून एकेक चेहरा बघत बसला. तळहात भाजले होते ना त्याचे? हे त्याने नंतर स्वतः शोधून काढलं आणि जेवताना सगळ्यांना सांगितलं. परवापासून जिन्याच्या कठड्यावरून घसरायला बंदी घातलीय, खालच्या आजी ओरडतात.

आता विचारतोय याचा दुसरा भाग आहे का. आहे का हो? आणि त्यात लागतं का?

तिसरी रांग

आहे, १९८८ चा. लागतं. तिसऱ्यात (१९९२) तर मिशेल यो मोटारसायकलवरून धावत्या मालगाडीच्या डब्यावर उडी मारते, स्वतः, आणि फसलेले तुकडे शेवटी आहेतच.

नाक मुरडे

म्हणजे शीर्षक बदला.

तिसरी रांग

अजून पाचवा पाहिलेला नाही मी. बघून सांगतो.